दुधाचं कॅलेंडर आणि कायदा शिकणारी मुलं

मैत्रिणींनो, तुमच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगलेलं असेलच. संकष्टी-एकादशी पाहायला म्हणून आपण ते आणतो, पण खरा उपयोग होतो तो दुधाच्या हिशेबाला. एक लिटर, दीड लिटर, घेतलं नाही त्या दिवशी फुली. सिलिंडर कधी लावला, कामवालीचे खाडे किती, सगळं त्याच चौकोनांत. महिना संपला, दूधवाल्याचे पैसे चुकते केले, की पान उलटायचं आणि विसरून जायचं.

माझ्या कॅलेंडरवरच्या अशाच काही खुणा कोर्टाच्या कागदांत जाऊन बसल्या आहेत. त्या तिथे कशा गेल्या, ते आज सांगते.

आमच्या मजल्यावर समोरच्या दारी एक कुटुंब राहतं. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्याही आहेत. नवरा चांगल्या नोकरीत, सासूबाई, शाळेत जाणारी दोन मुलं आणि वहिनी. दारात रोज रांगोळी, गौरीजेवणाला पंचवीस पानं. आपल्यासारखंच घर. अधूनमधून एखाद्या सकाळी वहिनींचा फोन यायचा, "ताई, आमची दुधाची पिशवी आज तुमच्याकडे घ्याल का? मी नंतर नेते." मी घ्यायची. दूधवाला दोन्ही घरी एकच आणि हिशेबाला असा कच्चा, की त्यांची पिशवी हटकून माझ्या खात्यात धरायचा. म्हणून कॅलेंडरवर त्या तारखेला 'त्यांची १' असं लिहून ठेवायची. दुपारी पिशवी न्यायला मुलगा यायचा. वहिनी दोन-तीन दिवस दाराबाहेर पडायच्या नाहीत.

मला काही कळत नव्हतं असं नाही हो. फ्लॅटच्या भिंती त्या केवढ्या! रात्री तिकडे आवाज चढले, की मी आमच्या टीव्हीचा आवाज वाढवायची. मुलांच्या कानावर नको, असं म्हणायची. मुलांच्या की माझ्या, देव जाणे.

२०२४ च्या श्रावणात एका सकाळी वहिनी स्वतःच दारात उभ्या. डावा डोळा सुजून मिटलेला. नवऱ्याने आणि सासूबाईंनी निक्षून सांगितलं होतं, घर सासूच्या नावावर आहे, तुझा इथे काडीचाही हक्क नाही, पोरांना ठेव आणि चालती हो. माहेरी वडील नाहीत; भावाचा संसार दोन खोल्यांत. मी चहा केला, डोळ्यावर लावायला बर्फ दिला आणि वर शहाणपणाचा सल्लाही दिला, "चार दिवस भावाकडे जाऊन या. डोकी थंड होतील." बी.ए. झालेली, शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी मी. मला याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

वहिनी नुसत्या म्हणाल्या, "मुलांना सोडून?"

त्या वेळी मला आमच्या शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी आठवली. बारावीनंतर ती पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला गेली, तेव्हा चौथ्या वर्षाला होती. मध्ये भाजी मंडईत भेटली तेव्हा म्हणाली होती, "बाई, आमच्या कॉलेजात दर शनिवारी मोफत कायदा सल्ला केंद्र चालतं. कुणाला गरज असली तर पाठवा." मी 'वा, छान' म्हणून भेंडी निवडत राहिले होते.

शनिवारी आम्ही दोघी गेलो. ग्रंथालयाच्या मागची खोली, दोन टेबलं, मध्ये जुन्या साडीचा पडदा. काळे कोट असतील अशी माझी कल्पना. होती ती आमची पोरगी, तिच्याबरोबर तिच्याच वर्गातला एक मुलगा आणि देखरेखीला त्यांच्या प्राध्यापिका. पोरीने पहिलं वाक्य काय बोलावं? "काकू, आधीच सांगते, आम्ही वकील नाही. कोर्टात उभं राहून तुमच्या बाजूने बोलायचा अधिकार आम्हाला नाही."

घ्या! मनात म्हटलं, मग आम्ही रिक्षाचे पैसे कशाला घालवले? पण कायदाच तसा आहे. पदवी आणि सनद हाती आल्याशिवाय वकिली करता येत नाही. मग ही मुलं काय करतात? ऐकतात आणि लिहून घेतात. तुम्हाला वाटेल, एवढंच? मलाही वाटलं होतं. त्या दिवशी अडीच तास बसले तेव्हा समजलं, मार खाणाऱ्या बाईजवळ कशाची उणीव असेल तर कागदाची. तिच्या अंगावर सगळं असतं, कागदावर काही नसतं.

"कधीपासून हात उगारतात?"
"बरीच वर्षं झाली."
"शेवटचं सोडून, त्याच्या आधी कधी?"
"झाले असतील पंधरा-वीस दिवस. की महिना?"

वकिलाच्या ऑफिसात एवढ्यावरच घड्याळाकडे नजर गेली असती. ही पोरगी मात्र कोऱ्या कागदावर उभ्या रेघा ओढून बसली. म्हणाली, "तारखा राहू द्या. थोरल्याची कुठली परीक्षा होती तेव्हा? गणपती बसले होते का? धाकट्याला कांजिण्या कधी आल्या?" आणि काय सांगू, वहिनींना एकेक आठवायला लागलं! चौथीच्या सहामाहीच्या आदल्या रात्री. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी. नणंदेच्या डोहाळजेवणाहून परतल्यावर. आपण बायका वर्षं अशीच मोजतो, आणि कुणी त्या मापाने विचारलं की बरोबर सांगतो.

मध्ये एकदा गाडी घसरली. तो मुलगा भाबडेपणाने विचारून बसला, "पण मग तुम्ही इतकी वर्षं राहिलात कशाला?" वहिनी एकदम गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. प्राध्यापिकांनी त्याला चहा आणायला पिटाळलं. बाहेर नेऊन त्याला चांगलं सुनावलं, असं नंतर कळलं. तो चहा घेऊन आला, कप ठेवला आणि म्हणाला, "चुकलं माझं, काकू." पोरगा गुणी निघाला. पुढे स्त्रीधनाची यादी त्यानेच केली. पाटल्या, मंगळसूत्र, माहेरची चांदीची भांडी, कोणती कुणाच्या कपाटात आहे यासकट. खरं सांगू? तोच प्रश्न माझ्याही मनात कितीदा आला होता. मी तो विचारला नव्हता, एवढाच काय तो फरक.

असं करता करता वहिनी बोलून गेल्या, "त्या दिवशी दूध ताईंनी घेतलं होतं." पोरीचं पेन थांबलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, दूध तुम्ही घेतल्याचं कुठे लिहिलेलं असतं का?"

घरी आल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. जानेवारीपासून आठ वेळा 'त्यांची १'. मग आदल्या वर्षीचं आठवलं. ते मी पानं सुटी करून मसाल्याच्या फळीत अंथरलेलं होतं. डबे काढले, पानं झटकली. एप्रिलवर हळद सांडलेली, मे तर सापडलाच नाही. उरलेल्या पानांवर अकरा. एकोणीस सकाळी मी त्या घरची पिशवी उचलून फ्रिजमध्ये ठेवली होती, आणि प्रत्येक वेळी आपल्या हाताने तारखेखाली नोंद करून ठेवली होती.

प्राध्यापिकांनी मात्र माझा उत्साह आवरला. "यावरून मारहाण सिद्ध होत नाही हं. अमुक दिवशी दूध कुणी घेतलं, एवढंच यावरून ठरतं." पण दोन तारखा डॉक्टरांच्या केसपेपरशी जुळल्या, एक मुलाच्या शाळेतल्या गैरहजेरीशी. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "कॅलेंडरपेक्षा तुम्ही महत्त्वाच्या. जे पाहिलंत, जे ऐकलंत, तेवढंच प्रतिज्ञापत्रावर सांगाल का?"

आमच्या ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "रोज त्यांच्यासमोर दार उघडायचंय आपल्याला." त्यांचंही खोटं नव्हतं. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी हेच म्हणाले, "चल, सही करायला मी येतो बरोबर."

आता कायद्याकडे वळते. कंटाळू नका, यातलं एकेक कलम म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंसा म्हणजे नुसती मारझोड नव्हे. अश्लील बोलणं, मूल नाही किंवा मुलगाच नाही म्हणून टोचून बोलणं, घरखर्चाला पैसे न देणं, तुमचा पगार किंवा दागिने काढून घेणं, शरीरसंबंधातली जबरदस्ती, हे सगळं त्यात येतं. आणि वहिनींना ज्या वाक्याने अर्धमेलं केलं होतं, 'घर सासूच्या नावावर आहे', त्यालाही उत्तर आहे. ज्या घरात सून म्हणून नांदली, तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. घर तिच्या नावावर असो वा नसो. कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. मध्ये २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने सासूच्या मालकीचं घर यातून वगळलं होतं, आणि कित्येक सुनांची त्यामुळे पंचाईत झाली. २०२० च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला. पण घोटाळा करून घेऊ नका, हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. परिस्थिती पाहून न्यायालय 'तिला दुसरीकडे तशीच जागा घेऊन द्या, नाहीतर भाडं भरा' असंही सांगू शकतं. आणि सासूबाईंनाच बाहेर काढा असा हुकूम या कायद्याखाली मागता येत नाही, कारण घर सोडून जाण्याचा हुकूम कुठल्याही बाईविरुद्ध काढता येत नाही. वहिनींनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं. माणसाचं मन बघा!

बायका पोलिसांकडे जायला कचरतात, कारण नवऱ्याला तुरुंगात घालणं त्यांच्या मनात नसतं. वहिनींचं पहिल्या दिवसापासून एकच पालुपद होतं, "त्यांनी हात उगारू नये, आणि मला मुलांजवळ राहू द्यावं." नेमकं तेवढंच मागता येईल अशीच या कायद्याची रचना आहे. मारू नका, घरातून काढू नका, खर्चाला पैसे द्या, मुलं आईजवळ राहू द्या, असे हुकूम न्यायदंडाधिकारी देतात. शिक्षेची वेळ मुख्यतः पुढे, संरक्षणाचा हुकूम मोडला तर येते. तेव्हा एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छळाचा फौजदारी गुन्हा वेगळा. १९८३ साली आलेलं ४९८-अ कलम तुम्ही ऐकलंच असेल. १ जुलै २०२४ पासून तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे.

मग पुढची कामं काय नि कशी? मुलांनी तयार केलेला तो तारखांचा तक्ता घेऊन आम्ही संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. हे अधिकारी सरकार याच कायद्याखाली नेमतं. ते 'कौटुंबिक घटना अहवाल' भरतात. त्यात घटनेची तारीख, वेळ, जागा असे रकानेच आहेत. ते रकाने धडाधड भरले जात होते तेव्हा मला त्या कोऱ्या कागदावरच्या रेघांची किंमत कळली. पोरगी आणि तो मुलगा दोघेही बरोबर होते, एक झेरॉक्सला धावायचं, एक वहिनींजवळ बसायचं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दिला, फुकट. १९८७ च्या कायद्याप्रमाणे फुकट वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, हे तुमच्यापैकी किती जणींना माहीत आहे? नवऱ्याचा पगार कितीही असो. आम्हाला वाटतं, मोफत म्हणजे गरिबांसाठी. आपण कसं जायचं? याच लाजेने कितीतरी बायका घरी बसतात. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी मदत मागितल्याचं आढळलं, आणि त्यांच्यातही माहेरच्यांकडे मागणाऱ्याच जास्त.

कायदा म्हणतो, अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. कागदावर ठीक आहे. वहिनींना अंतरिम हुकूम मिळाला तोच दिवाळीच्या तोंडावर. घराबाहेर काढू नये, मारहाण करू नये, दरमहा खर्चाला ठरावीक रक्कम द्यावी. हुकुमाची प्रत फुकट मिळते. तिची एक झेरॉक्स मुलीने मुद्दाम वहिनींच्या पर्समध्ये ठेवायला लावली, एक माझ्याकडे ठेवली. नवरा सध्या धाकट्या भावाकडे राहतो. सासूबाई इथेच आहेत. एका ओट्यावर दोन शेगड्या आहेत, आणि बोलणं नातवंडांमार्फत चालतं. सुखाचा संसार झाला असं मी म्हणणार नाही. मार थांबला आहे.

या मुलांचं कौतुक करते आहे, तशी तक्रारही करते. परीक्षा आल्या की केंद्राला कुलूप, सुटी लागली की पुन्हा कुलूप. नवऱ्याचा हात काही विद्यापीठाचं वेळापत्रक बघून थांबत नाही! शिवाय मुलं पास होऊन जातात. जिच्याजवळ काळीज उघडं केलं ती जाते आणि पुढच्या वर्षी नव्या पोरापुढे पहिल्यापासून सगळं सांगायचं. मी हे प्राध्यापिकांना तोंडावर बोलले. त्यांनी कबूल केलं, आणि आता प्रत्येकीची वेगळी फाईल ठेवतात, कपाटात कुलुपात. जुनी मुलं जाण्याआधी नव्यांना बरोबर बसवतात. सुटीत निदान एक दिवस केंद्र उघडं ठेवायचं ठरलं आहे. बघू या. मुलांनाही झळ लागते बरं का. समोरच्या पक्षाकडून कॉलेजात धमकीचे फोन येतात, म्हणून कुणी आपला खाजगी नंबर द्यायचा नाही असा नियम आहे. वीस-एकवीस वर्षांची पोरं ती. आमची विद्यार्थिनी एकदा म्हणाली, "बाई, शनिवारी रात्री झोप येत नाही." तिला काय सांगणार?

तुमच्या गावात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी विधी महाविद्यालय असेल, तर तिथे असं केंद्र असायलाच हवं; बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. कुठे जोरात चालतं, कुठे नुसती पाटी असते. जाऊन विचारा, आपण विचारलं की पाटीवरची धूळ तरी झटकली जाईल. कॉलेज नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. फोन करायचा तर महिलांसाठी १८१, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, आणि जिवावर बेतलं असेल तर सरळ ११२. माहेरी निघून गेला असाल तर अर्ज तिथल्या कोर्टातही करता येतो. जीव धोक्यात असताना घर सोडलं म्हणून हक्क जात नाही; पण एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत शिरणं किती कठीण, ते मी पाहिलं आहे. म्हणून 'डोकी थंड होऊ देत' असा सल्ला, मी दिला तसा, सहज देऊ नका.

जाताना लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, आधार कार्ड, मुलांच्या शाळेचे कागद, बँकेचं पासबुक, डॉक्टरांचे केसपेपर एवढं न्या. ते घरात सापडू द्यायचं नसेल तर झेरॉक्स किंवा फोनमधले फोटो विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवा. मार लागल्यावर डॉक्टरांना 'मोरीत पाय घसरला' असं सांगू नका. केसपेपरवर तेच लिहिलं जातं, आणि वहिनींच्या एका केसपेपरवर ते तसं लिहिलेलं आहे. समोरच्या वकिलांनी ते बरोबर हेरलं.

आणि शेजारणींनो, तुमच्यासाठीही या कायद्यात एक कलम आहे, चौथं. हिंसा घडते आहे असं वाटण्याजोगं कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर कळवणारीवर दिवाणी किंवा फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. २००६ पासून हे कलम आहे. माझी एकोणीस 'त्यांची १' त्यानंतरची.

खटला अजून चालू आहे. पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी आहे. वकिलांनी सांगितलंय, झेरॉक्स चालणार नाही, मूळ कॅलेंडर घेऊन या. भिंतीवरचं नीट गुंडाळून ठेवलं आहे. फळीतली पानं परवा काढली, हळद पुसायला गेले तर पोरगी फोनवर ओरडलीच, "बाई, हात लावू नका त्याला!" तेव्हा हळदीसकट ती एका फाईलमध्ये घातली आहेत, आणि मसाल्याच्या डब्यांखाली सध्या वर्तमानपत्र अंथरलं आहे.